धाकटीला उजवा

"नावां सांग," बाबा म्हणाले. "देवासमोर घेवची लागतली."

मी दोन्ही विद्यापीठांची नावं सांगितली. बाबांनी ती एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितली, मग एकदा मोठ्याने, आणि मग मान हलवली. अमेरिकेतल्या त्या दोन गावांची नावं आमच्या रवळनाथाच्या गाभाऱ्यात शिरायला तयार नव्हती.

"ह्यां माझ्या जिभेर बसाचा नाय. दोनातली थोरली खयची?"

एक विद्यापीठ दुसऱ्यापेक्षा पन्नास वर्षं आधी सुरू झालेलं होतं. ते मी सांगितलं.

"मगे ती थोरली, दुसरी धाकटी. देवाक तेवढा पुरे."

तांब्याच्या वाटीत पाणी होतं आणि बाबा त्यात फुलाच्या पाकळ्या एकेक करून धूत होते. सकाळचे दहा वाजले असतील. वेंगुर्ल्याच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव, आणि गावाच्या देवळाचे गुरव म्हणजे माझे बाबा, यशवंत गुरव. पूजा करणं, दिवाबत्ती बघणं आणि लोकांना कौल लावून देणं हे आमच्या घरात किती पिढ्या चाललंय हे कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, मंजिरी, बारावीत शिकणारी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी.

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस देवळात येतो, आपला प्रश्न गुरवाला सांगतो. गुरव दोन ओल्या पाकळ्या, आमच्याकडे त्यांना कळे म्हणतात, देवाच्या पाषाणाला चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवा कळा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही. गावातली लग्नं, विहिरी, दुकानं, मुंबईच्या नोकऱ्या, सगळं ह्या दोन पाकळ्यांवर चालायचं. बाबा एकदा बोलले की त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे.

माझा प्रश्न मात्र हो-नाहीचा नव्हता. मला खाडीतल्या प्राण्यांवर शिकायचं होतं. आमच्या शाळेला जोडलेल्या कॉलेजच्या प्रभारी मुख्याध्यापिका मोहिते बाई जीवशास्त्र शिकवायच्या, त्यांचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत होता. त्याच्याकडून कळलं की तिकडे काही विद्यापीठांत सगळ्यांच्या आधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच अर्ज करता येतो. आधी अर्ज केला तर पूर्ण शिष्यवृत्तीची आशा जास्त. नंतरच्या गर्दीत माझ्यासारखीला कोण विचारतंय, असं त्याने स्पष्टच लिहिलं होतं. पण असा अर्ज एकाच ठिकाणी करायचा आणि घेतलं तर तिथेच यायचं, असं वचन द्यायचं. वचनाखाली तीन सह्या लागत होत्या. माझी, शाळेची आणि पालकांची.

म्हणजे डाव एकच होता आणि ठिकाणं दोन. आणि ती दोन ठिकाणं एकमेकांची इतकी नक्कल होती की मला रडू यायचं. दोन्हीकडे लाल विटांच्या इमारती. दोन्हीकडे घंटेचा मनोरा. दोन्ही माहितीपत्रकांत तळं, तळ्यात बदकं आणि काठावर हसणारी तीन मुलं. दोन्हीकडे समुद्रावरची प्रयोगशाळा, दोन्हीकडे खेकड्यांवर काम करणारी माणसं, आणि दोन्हींच्या मधे एसटीने जावं इतकंच अंतर. मी तक्ता केला होता. डाव्या रकान्यात जे लिहायची ते उजव्या रकान्यात पुन्हा लिहावं लागायचं. तीन आठवडे मी सकाळी थोरली ठरवायची आणि संध्याकाळी धाकटी. आई म्हणाली, कुठेही जा पण जेवणाच्या ताटावर तरी ते कागद आणू नको. बाई वैतागल्या होत्या. शेवटी बाबा म्हणाले, आपण देवाला विचारू. त्याने सांगितलं की मी सही करतो.

मी लगेच हो म्हटलं, आणि त्याला कारण होतं.

चौदा वर्षांची असताना मी एक उद्योग केला होता. उन्हाळ्याच्या सुटीत देवळाच्या खांबाला टेकून बसायचे आणि पडलेले कौल वहीत लिहून ठेवायचे. एकसष्ट कौल लिहिले. त्यातले सेहेचाळीस उजवे पडले होते. देव आमच्या गावावर खूष आहे असं कुणीही म्हटलं असतं, मी नाही म्हटलं. मी नीट बघितलं. गाभाऱ्यातली मोठी समई देवाच्या उजव्या अंगाला असते. तिच्या धगीने त्या बाजूची पाकळी आधी सुकते आणि आधी पडते. घरी येऊन मी पाटा उभा केला, त्याला दोन पाकळ्या चिकटवल्या, शेजारी दिवा लावला, आणि वीस वेळा करून बघितलं. शोध लागला त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. त्यांना हे माहीत नसणार आणि कळलं तर त्यांचं काय होईल ह्याची मला भीती वाटली.

म्हणून त्या सकाळी बाबांनी "उजवो कोणाक मागू?" असं विचारलं, तेव्हा मी वाटीकडे बघत राहिले. उजवा कुणाला मागायचा ते बाबाच ठरवतील असं धरून मी आले होते, आणि ठरवणं पुन्हा माझ्याच पदरात येऊन पडलं होतं. मी जिचं नाव घेईन तिलाच समई हो म्हणणार होती.

"धाकटेक," मी म्हटलं.

तोंडातून आपोआप आलं. मग आठवलं का आलं ते. दोन्हीकडच्या प्राध्यापकांना मी पत्रं पाठवली होती. थोरलीकडून छापील दोन पानं आली, फार चांगली, अभ्यासक्रमाची सगळी माहिती असलेली. धाकटीकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी चारच ओळी लिहिल्या होत्या. एकच नांगी मोठी असलेले जे खेकडे तुझ्या खाडीत आहेत, त्यांच्यातल्या नरांची मोठी नांगी उजवी असते की डावी? मोजून कळव. मी दोन दिवस गुडघाभर चिखलात उभी राहून चारशे खेकडे मोजले होते. माझ्या वयाच्या मुलीला कुणी प्रश्न विचारावा आणि तिच्या उत्तराची वाट बघावी, हे माझ्या बाबतीत तोवर घडलं नव्हतं.

"बघूया देव काय म्हणता तां," बाबा म्हणाले आणि उठले.

मोहिते बाई सभामंडपात येऊन बसल्या होत्या. दोन्ही विद्यापीठांचे छापलेले कागद त्यांच्या मांडीवर, स्वतःची सही दोन्हींवर करून ठेवलेली. जो कागद ठरेल तो घेऊन चारच्या एसटीने त्या कुडाळला जाणार होत्या. सायबर कॅफेवाल्याला त्यांनी थांबवून ठेवलं होतं. मुदतीचा शेवटचा दिवस होता. बाई कराडच्या, आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झालेली, कौल त्यांनी कधी बघितलेला नव्हता. मी त्यांना समजावून सांगितलं, धाकटीला उजवा, थोरलीला डावा.

"उजवा म्हणजे आपला की देवाचा?" त्यांनी विचारलं.

देवाचा, मी म्हटलं. देव आपल्याकडे तोंड करून आहे, त्यामुळे आपल्याला उलटं दिसतं. बाईंनी दोन्ही हात पुढे करून बघितले आणि मान डोलावली.

बाबा गाभाऱ्यात गेले. आणि त्यांनी पहिलं काय केलं, तर समई उचलली.

दोन्ही हातांनी उचलली, ज्योत विझू नये म्हणून मागे मागे चालत बाहेर आणली आणि सभामंडपात पार दाराजवळ नेऊन ठेवली. माझ्या उभ्या जन्मात ती समई कौलाच्या वेळी जागची हललेली मी बघितली नव्हती. बाबा माझ्याकडे न बघता परत आत गेले. धोतराच्या सोग्याने त्यांनी पाषाण पुसला, उजवीकडून, डावीकडून, पुन्हा उजवीकडून, जसं तान्ह्या मुलाचं अंग पुसतात. एकाच फुलाच्या दोन पाकळ्या घेतल्या, एकीवर एक ठेवून मापल्या. दोन्ही एकदम पाण्यात बुडवल्या. आणि एरवी एकाच हाताने एकामागून एक लावायचे, त्या दिवशी दोन्ही हातांनी एकाच क्षणी लावल्या.

बाबांना माहीत होतं. समईचं सगळं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. एरवी मागे दहा-वीस माणसं उभी असतात साथ द्यायला, त्या दिवशी मी एकटीच होते.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुझा चेडू तुझ्या पायाकडे इला हा."

"व्हय म्हाराजा."

"तेका लांब शिकूक जावचा आसा. वाटो दोन आसत. धाकटेची वाट बरी आसात तर उजवो दी, थोरलेची बरी आसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि ह्या वेळी बाईही म्हणाल्या.

"खयचीय दी, पण तेका सांभाळून ने रे म्हाराजा."

बाबांचा तो आवाज मी हजारदा ऐकला होता. परक्यांसाठी, परक्यांच्या मुलींसाठी. त्या दिवशी तो माझ्यासाठी त्या अंधारात उभा राहिला आणि माझा सगळा शहाणपणा कुठल्या कुठे गेला. गाभाऱ्यात फक्त दारातून येईल तेवढा उजेड होता. त्यात तो काळा पाषाण आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन लाल ठिपके. मला खरोखर वाटलं की तिथे कुणीतरी आहे आणि ते विचार करतंय.

समई असली की कौल दहा-पंधरा मिनिटांत पडतो. त्या दिवशी बारा वाजले, एक वाजला, कळे हलेनात. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं आणि मग घड्याळ काढून पर्समध्येच ठेवलं. बाबा दगडासारखे बसून होते. दोनच्या पुढे कधीतरी बाई पाणी प्यायला विहिरीवर गेल्या तेव्हा मला राहवलं नाही. मी पुढे सरकले.

"बाबा, समयेच्या धगीन उजवो कळो आधी पडता. मी मोजलंय."

"ठावक आसा. पाट्यार कळे लावून बसलेलंस तेव्हा बघितलंय तुका."

"मगे लोकांका फसयतास तुमी?"

बाबा पाषाणावरची नजर न काढता हळू बोलले. "येणारो भियान येता. आजार बरो होतलो काय, मुंबयक गेलेलो झील घराक येतलो काय. तेका परत घराक जावक धीर होयो आसता. माझ्या बापाशीन समई थय ठेवली, मिया हलवली नाय. तुका काय म्हणाचा तां म्हण."

"मगे आज कित्याक हलवली?"

"तुका धीर नको होतो. तुका उत्तर होया होता. म्हटला, आज देवाक मोकळा बोलांदे."

मी मागे येऊन बसले. चाळीस वर्षं हा माणूस घाबरलेल्या गावाला एका दिव्याच्या जागेतून धीर देत होता, आणि मला वाटत होतं की गणित फक्त मलाच येतं. मला त्यांचा अभिमान वाटला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. इतकी वर्षं ज्यांच्या ताटात जेवले ते मला माहीतच नव्हते.

बाई परत आल्या. सव्वातीन झाले होते. त्या खाली बसत होत्या तेवढ्यात कळा पडला.

आवाज झाला नाही. एक ठिपका होता, तो नाहीसा झाला. पडला तो देवाच्या डाव्या अंगाचा. उजवा होता तिथेच होता, ओला, तुकतुकीत.

थोरली.

चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि मला वाटतं ते मला जमलं. देवाला मोकळं बोलू दिलं होतं आणि तो बोलला होता. थोरलीत काय वाईट होतं? तीच बदकं, तोच मनोरा. फक्त त्या म्हाताऱ्या बाईंसाठी मी चारशे खेकडे मोजून ठेवले होते, त्याचं उत्तर आता कुठल्या तोंडाने पाठवणार होते?

"पडला," बाई म्हणाल्या. त्या उभ्याच राहिल्या होत्या, गाभाऱ्याकडे तोंड करून, आणि त्यांचा स्वतःचा उजवा हात त्या पडलेल्या पाकळीकडे दाखवत होता. "उजवा पडला. धाकटी. मंजिरी, धाकटी." सकाळी दोन्ही हात पुढे करून समजून घेतलेलं सगळं चार तासांच्या ताणात त्या विसरल्या होत्या. त्यांनी धाकटीचा कागद वर काढला, बाबांच्या पुढे धरला आणि पेनाचं टोपणही काढून दिलं.

बाबांनी कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. एक शब्द बोलायचा होता त्यांना. बाई, तो डावा. एवढंच. गावातलं शेंबडं पोरसुद्धा ते बोललं असतं. मीसुद्धा बोलू शकत होते आणि मी बोलले नाही, हे मला आज लपवायचं नाही.

बाबांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, यशवंत रामा गुरव अशी सही केली.

बाई धावतच एसटीला गेल्या. आम्ही दोघंच राहिलो. बाबांनी समई आणून जागेवर ठेवली, उरलेला कळा हाताने काढून वाटीत टाकला.

"बाबा, डावो पडलो," मी म्हटलं.

"बघितलंय मिया. घराक चल, आवस वाट बघता."

डिसेंबरात धाकटीने मला घेतलं. ऑगस्टमध्ये मी गेले. बाबा मुंबईच्या विमानतळापर्यंत यायच्या भानगडीत पडले नाहीत, त्यांनी मला गावातल्या थांब्यावर एसटीत बसवलं आणि बस वळेपर्यंत उभे राहिले. त्या म्हाताऱ्या बाईंच्या हाताखाली मी शिकले, अजूनही खेकडेच मोजते. त्या आयुष्यात मी सुखी आहे, इतकं सरळ सांगून टाकते.

तीन वर्षांनी मे महिन्यात पहिल्यांदा घरी आले. दुसऱ्या दिवशी देवळात गेले तर गाभाऱ्यात माझा चुलतभाऊ अनंता कळे लावत होता. बाबा बाहेर ओट्यावर बसून समयांचं पितळ घासत होते. मी आईला विचारलं. ती म्हणाली, तू बारावीच्या अभ्यासात होतीस तेव्हापासूनच काही ना काही निमित्त काढून कौल अनंताकडे ढकलत होते. तू गेल्यावर, दिवाळीनंतर एक दिवस ह्यांनी गावाला सांगितलं की माझा हात कापतो, ह्यापुढे कौल अनंता लावील.

त्या संध्याकाळी त्याच बाबांनी अंगणात बसून कोयत्याने पंचवीस नारळ सोलले. हात कापत नव्हता. मी शेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं.

बाबांनी हातातला नारळ पुरा सोलून ढिगावर टाकला. मग म्हणाले, "समई खय ठेवची तां माणसाच्या हातात. पडलेलो कळो फिरवूचो हक्क माणसाक नाय. डावो पडलो आणि मिया उजवो होवक दिलो. मगे परत देवाक खयच्या तोंडान विचारूचा?"

किती पिढ्यांचं ते काम, आणि त्यांनी ते एका सहीबरोबर खाली ठेवलं होतं. कुणाला न सांगता, मलाही न सांगता. आणि कशासाठी? मागच्याच वर्षी मी एका परिषदेला थोरलीत जाऊन आले होते. मनोरा तसाच, तळं तसंच, प्रयोगशाळेतली माणसं तितकीच भली. तिथल्या खुर्चीत बसून मला वाटलं होतं, इथे आले असते तरी आयुष्य हेच झालं असतं. ते मी बाबांना सांगितलं. रडत सांगितलं. दोन्ही अगदी सारखी आहेत बाबा, काडीचा फरक नाही, तुम्ही उगाच एवढं गमावलंत.

बाबांनी कोयता खाली ठेवला.

"सारखीच आसत तां माका तेव्हाच ठावक होता," ते म्हणाले. "पण कळो पडलो तेव्हाचा तुझा तोंड, आणि बाईंनी धाकटेचो कागद फुडे केल्यानी तेव्हाचा तुझा तोंड, ती दोन सारखी नाय होती, बाय."